पलंगावर मोत्या नको

परवा माझ्या सोफ्यावर एक पाहुणा चढून बसला. खालच्या मजल्यावरचे शेजारी लग्नाला गेले होते आणि त्यांचा कुत्रा ब्रूनो दोन दिवस माझ्याकडे होता. मी पायातली चप्पल काढून फरशीवर फटकन आपटली... ब्रूनो खाली उतरला आणि कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे बघत राहिला.

ती नजर मी आधी पाहिलेली आहे. ऐंशी वर्षं झाली असतील. मी आता सांगलीत एकटी राहते, पण हे साताऱ्याजवळच्या आमच्या गावातलं.

लढाईचे दिवस होते. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीबरोबर इजिप्तकडे कुठेतरी. घरात आई, नऊ वर्षांची मी आणि आबांचा कुत्रा मोत्या.

फर्निचर म्हणावं असं घरात एकच... आबांनी साताऱ्याहून बैलगाडीत घालून आणलेला लोखंडी पलंग. तो पुढच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत असे आणि त्यावर कुणी झोपत नसे. आई रोज चादर झाडून ताठ अंथरायची आणि स्वतः खाली निजायची.

मोत्याला हे मान्य नव्हतं. आईची पाठ फिरली की स्वारी पलंगावर. "केस बघ किती लागल्यात," आई माझ्यावर करवादायची. "उद्या त्ये दारात हुबं ऱ्हायलं तर काय दावू त्यास्नी? कुत्र्याचं हातरूण?"

ते काम माझ्या गळ्यात पडलं. मारायची सोय नव्हती, कारण आबांच्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असे, मोत्याला कुणी मारू नये. आणि तिच्याखाली दुसरी, मला ओळखेल ना? शाळेत जाणारी मी एकटी, त्यामुळे पत्रं वाचणं-लिहिणं माझ्याकडे. मी दर वेळी ठणकावून लिहायची, मोत्या तुमची वाट बघतो.

मग मला युक्ती सुचली. पलंगाखाली आबांचे जुने मिलिटरीचे बूट होते, टाचेला नाल, तळाला खिळे. मोत्या वर चढला की मी एक बूट उचलून दगडी फरशीवर आपटायची... खाड् खाड्. तो दचकून उडी मारायचा आणि थेट मागच्या परड्यात.

महिन्याभरात तो पलंगाकडे बघेनासा झाला. बूट वाजला की घरात थांबेनासाही झाला, पण त्याचा विचार मी केला नाही. पुढे कॉलेज शिकून शिक्षिका झाले, जन्मभर पोरांना शिस्त लावली... ती तिथून सुरू झाली म्हणा.

एका दुपारी आबा आले. न कळवता. पलटण ब्रह्मदेशाकडे निघाली होती आणि मध्ये दोन दिवसांची रजा मिळाली होती.

अंगणातल्या फरशीवर बूट वाजले... खाड् खाड्. "मोत्याऽ!" आबांनी हाक मारली. सोप्यात बसलेला मोत्या उठला, शेपूट पोटाशी घेतली आणि परड्यातून उसात पळाला.

आबा पायरीवर उभे, हात पुढे केलेला तसाच. "इसरला की गं मला," ते आईला म्हणाले.

"आवं, जनावर हाय ते. दोन वर्सं कमी हायती का?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. पण त्या उंच, रापलेल्या माणसाशी मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोत्या परत आला, पण पायरीवरचे बूट बघून परड्यातच थांबला. आबांनी भाकरी कुस्करून किती हाका मारल्या... आला नाही. आणि पलंगावर आबा झोपलेच नाहीत. "सवय न्हाई ऱ्हायली आता," म्हणून घोंगडं टाकून खालीच निजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मोटार होती. पायरीवर बसून त्यांनी बूट उचलला आणि मी तो हिसकावून घेतला. रडत रडत सगळं सांगून टाकलं. आता मार बसणार, अशी माझी खात्री होती.

"म्हंजी मला इसरला न्हाई त्यो?" एवढंच विचारलं त्यांनी. "बुटाला भ्यालाय व्हय!"

दोन्ही बूट माझ्या हातात देऊन ते अनवाणी परड्यात गेले. मोत्यानं पाय हुंगले. पुन्हा हुंगले... आणि मग त्यानं आबांना जवळजवळ आडवंच केलं.

मोटारीच्या थांब्यापर्यंत, ओढा ओलांडून मैलभर, आबा युनिफॉर्ममध्ये अनवाणी चालले. मोत्या त्यांच्या पायांत घोटाळत होता. वीस पावलं मागून मी, बूट छातीशी धरून.

"काय रं हवालदारा, पायताण कुठं?" कुणीतरी शेतातून ओरडलं.

"कुत्र्याचा हुकूम हाय गड्या!"

थांब्यावरच्या वडाखाली त्यांनी बूट चढवले. मोत्या लगेच मागे सरकला. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फुडल्या खेपेला हितंच बूट काढून येतो."

पुढच्या पावसाळ्यात मोत्या साप चावून गेला. आबांना मी ते कळवलं नाही. दर वेळी पत्र लिहायला बसायची, आणि शेवटी लिहायची... मोत्या तुमची वाट बघतो.

लढाई संपली. एका संध्याकाळी मी दारात उभी होते, तेव्हा ओढ्याकडून आबा येताना दिसले. कायमचे घरी. पाय अनवाणी... आणि दोन्ही बूट हातात.

ब्रूनो काल त्याच्या घरी गेला. सोफ्यावर केस आहेत त्याचे. ब्रश घेऊन दोनदा तिथपर्यंत गेले... राहू देत म्हटलं, आजचा दिवस.