हासल्याबिगर फोटो नाही

आमच्या बांले कॅमेऱ्यातलं कळते असं कोणी म्हणत असन, तर त्याले माह्याकडं पाठवा. बा म्हणजे माहे सासरे, भावसिंग. कळंबच्या पुढं आमचा तांडा, तिथंच आमचं वावर. लोक कापूस इकायले यवतमाळले जातात आणि येताना पोट्ट्यायले चिवडा-जिलबी आणतात. बा गेले आणि कॅमेरा घेऊन आले. तोही कोणाचा तरी वापरलेला, तळहाताएवढा, चंदेरी. आणि फोटो काढायचं बटणच तुटलेलं!

आता बटण तुटलेला कॅमेरा कोणी घेते का? पण दुकानदार पक्का होता. त्यानं आतली एक सोय चालू करून देली. समोरच्या माणसानं हासून दात दाखवले का कॅमेरा आपल्या मनानं फोटो काढे. "काका, हासून पाहा," दुकानदारानं म्हटलं. बा हासले. खट्ट! झाला फोटो. बा तिथंच खलास. बॅटरी किती चालते, कार्डात किती फोटो मावतात, अंधारात निंघतात का, काही काही इचारलं नाही. घरी येऊन सांगितलं काय, तर "याले माणूस कळते." म्हणजे कॅमेऱ्याची जी खोड, तोच यायच्या लेखी गुण!

मी तवा या घरात आली नव्हती, पण हे सारं मले तोंडपाठ हाये. माहा नवरा शाम रागारागानं सांगे. बांनी तांड्यातल्या लोकायचे फारमावरचे फोटो काढून देले, तर कचेरीतल्या बाईनं सारेच्या सारे परत केले. असे दात काढून बसलेले फोटो सरकारी कामाले चालत नाहीत म्हणे. बा तिच्याशीच भांडले, "बाई, गरीब माणसानं हासूबी नाही काय?"

पण लग्नात मात्र बांले मान होता. तवा मोबाईल सगळ्यायच्या हातात आले नव्हते. फक्त एक भानगड होती. आमच्या गोर म्हणजे बंजारा लोकायत नवरी सासरी निंघताना ढावलो म्हणते, म्हणजे मायबापाच्या गळ्यात पडून, नाव घेऊघेऊ रडते. नवरी जितकी रडन तितकी चांगल्या घरची. आता रडणाऱ्या नवरीचा हा कॅमेरा फोटो काढीन कसा? म्हणून बा सोबत याडीले नेत. आमच्या बोलीत आईले याडी म्हणतात. याडी म्हणजे माही सासू, रुपीबाई. ती नवरीजवळ जाये, तिच्या ओढणीखाली तोंड घाले आणि कानात काहीतरी सांगे. नवरी रडतारडता फस्सकन हासे, याडी ओढणी वर करे, आणि खट्ट.

माह्या लग्नात मी जीव तोडून रडून राह्यलती. ही बाई ओढणीत शिरली आणि हळूच म्हणते, "बस कर वं. थोडं रडणं ठेव. शाम घोरते, तवा लागन तुले." मले असं हासू आलं, असं हासू आलं, का माही मावशी माह्यावर डाफरली. तो फोटो हाये माह्याजवळ. डोळ्यात पाणी आणि सारे दात बाहेर. सासरी जायचं भेव मले त्यानंतर वाटलं नाही, खरं सांगते.

याडी हासे तर कॅमेऱ्याले दम निंघत नसे. तिच्यापुढून घेऊन गेलं तरी खट्ट खट्ट. पुढं मोबाईल आले आणि बांले कोणी बोलवेनासं झालं. तरी ते दर संध्याकाळी बॅटरी भरत, कपड्यानं काच पुसत आणि चालू हाये का पाहायले कॅमेरा याडीपुढं धरत. ती चुलीपुढून मान वळवून हासे. खट्ट झालं का बा डब्यात कॅमेरा ठेवून देत. दोघायचा हा रोजचा खेळ. शाम म्हणे, "म्हातारपणी काय चाळे हायेत यायचे!"

मंग एका पावसाळ्यात कॅमेरा वाजेनासा झाला. याडीपुढं धरला, ती हासली, काही नाही. पुन्हा धरला, काही नाही. बांले वाटलं दमट हवेनं बिघडला. तांदळाच्या डब्यात ठेवला. मंग यवतमाळले नेला. तिथं दुरुस्तीवाल्यानं सोता हासून पाह्यलं तर खट्ट! चांगला तर हाये, म्हणे. बा घरी आले, याडीपुढं धरला. काही नाही. पुन्हा यवतमाळ. नवी बॅटरी आणली. पुन्हा यवतमाळ. काच साफ करून आणली. बटणाचं सामान आता भेटत नाही म्हणून बटण तसंच राह्यलं. एष्टीनं जाणं, एष्टीनं येणं. पावसाळा गेला, कापूस फुटला, तरी बांचा कॅमेऱ्याचा इलाज चालूच.

"तुमच्या डब्याले मी म्हातारी दिसाले लागली," याडी म्हणे.

तिले भाजी तिखट लागाले लागली होती. मी तिखट कमी केलं, तरी झोंबे. भाकर दुधात कुस्करून खाये. आणि गालात खर्रा. आमच्याकडं हे एक आग लागलेलं खाणं हाये. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून देतात. ज्याच्या त्याच्या खिशात पुडी, बायकायच्या कमरेले पुडी. वावरात भूक लागत नाही म्हणून खातात, मंग जेवताना तोंड उघडत नाही म्हणून जेवत नाहीत.

होळीले मी तिच्या तोंडात पुरणपोळीचा घास घालाले गेली तर घास आत जाईना. "याडी, आ कर." तिनं केला. माहं एक बोट मुश्किलीनं गेलं. गालाच्या आत हात लागला आणि ती कळवळली. तिथं गाठ होती, फुटलेली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "कधीपासून तोंड उघडत नाही?"

बा म्हणाले, "साहेब, कॅमेरा बंद पडला तवापासून."

डॉक्टरले वाटलं म्हातारं भ्रमलं. पण बा भ्रमले नव्हते. त्या घटकेले त्यायले सारं कळलं होतं. कॅमेऱ्याले अगोदर दिसलं होतं का इचं हासणं आखडत चाललं, आणि हे बाप्पा कॅमेऱ्यालेच घेऊन यवतमाळच्या वाऱ्या करत बसले. बायकोले एकदा नेलं असतं त्याच एष्टीत! दवाखान्याच्या ओट्यावर त्यायनं आपल्या तोंडात मारून घेतली. मी हात धरले. त्यायच्यावर ओरडायचं होतं मले, पण मी ते हातच धरून ठेवले.

नागपूरले आपरेशन झालं. गालाचा तुकडा काढला, छातीची कातडी लावली. मंग घरी पाठवताना सांगितलं का आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातात बसवत जा, हळूहळू एकएक काडी वाढवा, नाही तर तोंड पुरं मिटन. ते काम माह्याकडं आलं. दुखे तिले, पण बाई खमकी! तिनं बांले हातानं खूण केली का कॅमेरा आणा, समोर ठेवा. बोलणं बोबडं झालं होतं, तरी मले कळलं. "ज्या दिवशी हा वाजन, त्या दिवशी मी बरी."

तवापासून कॅमेरा तिच्या खाटेपुढं धान्याच्या कोठीवर राहे, बा सकाळीच तो चालू करून ठेवत. शामनं मोबाईल काढला, "याडी, कायले त्या डब्याच्या मागं लागते? मी काढतो न फोटो." तिनं त्याचा हात बाजूले सारला. "तो तर म्हशीचाबी काढते," म्हणे. खरंच होतं. तिले फोटो नव्हता पाह्यजे. तिले निकाल पाह्यजे होता.

रोज सकाळी ती कॅमेऱ्याकडं पाहून हासे. म्हणजे तिच्या मनानं हासे. चेहऱ्याचा एक कोपरा जरासा हाले, दुसरा हालेच ना. कॅमेरा गप. बा कोठीमागं उभे राहून सोता हासून दाखवत, ती हासावी म्हणून. हासतहासत त्यायचे डोळे भरत. मी त्या घरात सैपाक कसा केला, माहं मलेच माहीत.

आणि मंग मानेत गाठ आली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. काड्या बंद झाल्या. कॅमेरा मात्र तिनं उचलू देला नाही.

एका सकाळी मी तिची जखम पुसत होती. कापूस चिकटला होता, पाणी लावूलावू काढला तरी ओढल्या गेला. याडीनं डोळे गच्च मिटले, मान मागं टाकली, होट ताणून गेले आणि दात उघडे पडले. आवाजसुद्धा निंघाला नाही तिचा.

खट्ट.

मी दचकली. खट्ट. खट्ट. तिचं दुखणं सरेपर्यंत तो मेला वाजतच राह्यला.

याडीनं डोळे उघडले. एक डोळा सुजून मिटलाच होता, दुसऱ्यानं तिनं कोठीकडं पाह्यलं. "वाजला?" बा आंगणातून धावत आले. त्यायनं कॅमेरा उचलला, पडद्यावर पाह्यलं. मी त्यायच्या तोंडाकडं पाहून राह्यलती. अशी वेळ कोणावर येऊ नये.

"हासली मी?" याडीनं इचारलं.

"हाव," बा म्हणाले. "हासली तू."

तिनं पडदा डोळ्याजवळ धरून पाह्यला. तिले कितीसं दिसलं देव जाणे. दात दिसले असतील. तिनं भिंतीकडं बोट केलं, म्हणजे हा फोटो तिथं लावा. मंग जो भेटाले येईन त्याले ती कॅमेरा दाखवाले सांगे, आणि बा दाखवत. "बरी होऊन राह्यली," लोक म्हणत. ते ऐकतऐकतच आठ दिवसात गेली.

कळंबच्या स्टुडिओत मी बांसोबत गेलती. कार्डात याडीचे ढीगभर फोटो होते. चुलीपुढले, लग्नातले, पोटभर हासतानाचे. मी म्हटलं, "बा, यातला कोणताबी करा. तो नका करू. तुमच्या पाया पडते." त्यायनं सारे पाह्यले, एकाएका फोटोवर थांबले आणि शेवटी तोच करायले सांगितला. "तिले म्हटलं न मी, हासली म्हणून," म्हणे. "आता दुसरा लावला तर मी खोटा पडतो तिच्यापाशी."

आता तो भिंतीवर हाये, हार घातलेला. बा त्याच्याकडं पाठ करून जेवतात. अर्धी भाकर तशीच राहते.

परवा शेजारची जमनी बसाले आली. फोटोपुढं हात जोडले, मंग कमरेची पुडी सोडून खर्रा गालात धरला आणि बोटानं चुना पुसतपुसत म्हणते, "काय हिंमतीची बाई हो भावसिंगभाऊ! लोक उगीच भेव दाखवतात का खर्ऱ्यानं असं होते न तसं होते. एवढं होऊनबी कशी हासून राह्यली पाहा. लय नसन दुखत."

खरं काय ते माह्या तोंडाशी आलतं. मी बांकडं पाह्यलं. म्हटलं आता तरी सांगतील. या बाईच्या जीवासाठी तरी सांगतील.

बांनी मान खाली घातली.

"हाव," म्हणाले. "हासली ती."