पाण्याला फेस नसतो

पुण्याला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर आईनं सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोचलीस की फोन कर. आणि तिथं जरा बोलत जा बाई, न्हाईतर लोकांना वाटायचं मुकी हाय!" बाकावरचे पावणे हसले. मी पटकन गाडीत चढले.

आता मी इथल्या एका चकचकीत शाळेत चौथीला गणित शिकवते. अभ्यासक्रम परदेशी. फोनवर पप्पा विचारतात, "बरं चाललंय न्हवं?" मी हो म्हणते. ते खरं नाही, म्हणून आज तुम्हा दोघांना हे पत्र लिहितेय.

परवा द्रवाची मापं शिकवायची होती. भिंतीवर चार्ट: गॅलनच्या घरात क्वार्टच्या चार खोल्या, प्रत्येक खोलीला पाइंटच्या दोन खिडक्या. क्वार्ट कधी न पाहिलेल्या मुलांनी हे घोकायचं! मी बादली, लिटरचा जार आणि अर्ध्या लिटरचं माप वर्गात आणलं. स्वतः ओतलं की लक्षात राहतं. को-ऑर्डिनेटर मॅडम मागे बसून बघत होत्या.

सानिका यंदाच आपल्या कोल्हापूरजवळच्या कळंब्याहून इथं आलेली. तिनं माप भरून जारमध्ये ओतलं आणि वर पाण्याची एक धार सोडली. दुसरं माप, पुन्हा धार. जार वाहिला, वर्ग हसला.

"दोन अर्धे म्हणजे एक, एवढंही येत नाही?" मॅडम म्हणाल्या. "हिला उद्यापासून सपोर्ट ग्रुपमध्ये बसवा."

कच्च्या मुलांच्या त्या ग्रुपमधून परत वर्गात आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

ती वरची धार मला मात्र ओळखीची होती. कोल्हापुरात आपल्या मंगळवार पेठेतही म्हशीची धार समोर काढून दूध देतात. फेस बसला की माप कमी भरतं, म्हणून गवळी वर थोडं घालतोच.

"सानिका, पाण्याला फेस असतो का गं?"

ती थबकली. "न्हाय की!" तिनं जार रिकामा केला, दोन मापं ओतली. पाणी बरोबर काठोकाठ. "पाव लिटरची चार बसत्यात, मिस," हे तिनं न विचारता सांगितलं.

मॅडम उठल्या. "ठीक आहे. पण भाषा ऐका तिची. ग्रुपच बरा."

म्हणजे अडचण मापाची नव्हतीच!

"येतंय की तिला सगळं!" मी ओरडले. "कुठं न्हाय जायची ती!"

इंग्रजीत भांडण्याइतकी इंग्रजी मला येते, पण त्या क्षणी हेच तोंडातून आलं. मॅडम दाराकडे वळल्या. "चाचणीपर्यंत राहू दे," म्हणाल्या, "आणि तुम्हीही जरा नीट बोला."

नीट बोलणं मला लहानपणीच शिकवलं होतं. शाळेच्या फाटकात शिरलं की घरचं बोलणं बंद. आई, पप्पा, तुम्ही ते माझ्या भल्यासाठीच केलंत, तुमच्यावर राग नाही. पण सानिकाला मी ते शिकवणार नाही. कोल्हापूर म्हणजे सुट्टीत जायचं गाव, असं मी इथं सांगायचे. आता तसं म्हणवत नाही. कुणाची तरी बाजू घेऊन उभं राहताना मी जिथली असते, ते माझं घर.