गाळलेली पायरी

मला बीजगणित दादाने शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी तो वही परत ढकलायचा. "पायऱ्या लिही. एक जरी गाळलीस तर मार्क कापणार." मला त्याचा भयंकर राग यायचा.

हा माणूस पंचविशीत आजारी पडला. कानात आवाज यायचे, शेजारी पाळत ठेवतात म्हणायचा. ठाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आवाज थांबले आणि आम्ही समजलो, सुटलो. पण दादा बसल्या जागी बसून राहायचा. दात घासायलासुद्धा सांगावं लागे. "आयतं खायची सवय लागलीय," असं मी त्याच्यादेखत आईला म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नव्हतं.

तोवर आम्ही कळव्याचं घर सोडून दिवा गावात भाड्याने राहायला आलो होतो. खाली सगळ्यांत मिळून एक नळ, सकाळी तासभर पाणी. एकदा मी दादाला म्हटलं, "नळाला बादली लाव," आणि स्वयंपाकाला लागले. खाली जाऊन बघते तर बादली भरून वाहतेय, बाजूला ठेवलेलं आमचं पिंप कोरडं आणि हा नुसता बघत उभा. पाणी जायची वेळ झाली होती. रांगेतल्या बायका नाही नाही ते बोलल्या. मी सगळ्यांसमोर मोठ्या भावाच्या थोबाडीत मारली.

"मुद्दाम करतोस ना?"

गालावर हात ठेवून तो म्हणाला, "पुढे काय करायचं ते सांगितलंच नाहीस गं."

मी तणतणत डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "तो आळशी नाही. एक काम झालं की पुढचं सुचवायचं, हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. या आजारात तेच मंदावतं. आवाजांवर गोळी आहे, यावर माझ्याकडे नाही." मला तिथेच रडू फुटलं.

घरी येऊन पुठ्ठ्यावर लिहिलं: बादली लाव. भरली की पिंपात ओत. पिंप भरलं की नळ बंद कर. वर ये. पुठ्ठा बघून दादा रोज पाणी भरू लागला.

मे महिन्यात एक दिवस पाणी आलंच नाही. आई गावी होती, मी कामावर. दुपारी तीनला परतले तर दादा भर उन्हात कोरड्या नळाखाली बादली धरून उभा. ओठ सुकलेले. त्याने पुठ्ठा माझ्यापुढे केला.

"पाणी नाही आलं तर काय, ते लिहिलं नाहीस. एक पायरी गाळलीस."

वही परत ढकलताना असायचा, अगदी तोच आवाज.