कुठल्या खोलीची?

सत्तर सालाच्या सुमारास शहरालगतच्या खारी गावात भाताच्या शेतात उठलेल्या चाळीत आम्ही कोकणातले सहाजण एका खोलीत राहायचो. ते शेत जिचं होतं, ती म्हातारी रोज सकाळी स्वतःच्याच विहिरीवर यायची, आमच्या बादल्यांची रांग बघायची आणि कळशी कमरेवर घेऊन मुकाट शेवटी उभी राहायची. भाडं तिचा मुलगा घ्यायचा, त्यामुळे तिला ओळखायची कुणाला गरजच पडली नव्हती.

एकदा एका नव्या भाडेकरूने तिला दरडावलं, "ए बाई, कौनसी खोली की है तू? इधर भाडेवाले ही पानी भरेंगे."

विहिरीच्या कठड्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "खोलीची न्हाय मी. ही बाव माज्या सासऱ्यानं खनलेली हाय."

त्याला मराठी कळत नव्हतं. ज्यांना कळत होतं, ते पाणी शेंदत होते.