दादांची गाडी अडायची

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. धाराशिवात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळकी मोटार घेऊन आलेला माणूस आधी माझी बोलणी खातो, मग चहा पितो. थोरल्या भावाला, दादांना, मात्र मी कधी उलटून बोललो नव्हतो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला, आपल्या कामाशी काम ठेवणारा माणूस.

शुगरनं त्यांचा उजवा डोळा गेला होता. डावाही फार दिवस टिकायचा नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तेव्हा दादांनी एकच हट्ट धरला. लहानपणी आम्ही ढोकीला राहायचो आणि घरामागून अरुंद रुळांवरची छोटी आगगाडी जायची. ती बंद होऊन जमाना झाला. तशी गाडी दिसतंय तोवर एकदा फिरताना बघायची होती त्यांना. पुण्याहून खेळण्यातलं, करंटवर चालणारं वीतभर इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणवले. घरीच जुन्या दाराच्या फळीवर त्यांनी गोल रूळ बसवले, जोड न् जोड स्वतः सोल्डर केला.

काम उरकलं ते नेमकं खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या दुकानात पकडीपासून मशीनपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. पूजा झाल्याशिवाय गाडी हलवायची न्हाय, असं मी बजावलं. तेलात कुंकू कालवून इंजिनाच्या चाकाचाकाला लावलं, रुळांवरून हळदीची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. दादा हसून हात जोडून बसले.

दसऱ्याला बटण दाबलं. गाडी हातभर गेली आणि थांबली. बोटानं ढकलली की पुढं हातभर, परत थांबायची. मी रूळ फडक्यानं पुसले, अडॅप्टर बदलला, वायरी बदलल्या. तेच. दादा फळीला नाक लावून बघत होते. माझं डोकं फिरलं.

"दिसत न्हाय तर हात कशाला लावता, दादा? सगळे जोड कच्चे हायेत."

वहिनी दारातच थबकल्या. दादांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रूळ उखडायला घेतले. खिडकीशी बसून, भिंग डोळ्याला लावून एकेक जोड नव्यानं करायचे. बोटं भाजली, तरी मला हात लावू देईनात. पंधरा दिवस हेच चाललं. दुकान बंद करून मी त्यांच्याकडं जायचो, गाडी लावायचो, ती अडायची, आणि मी काहीतरी लागट बोलून घरी यायचो. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. डाव्या डोळ्यापुढं अंधार झाला होता. सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि आता काही करता येणार नाही म्हणाले. आम्ही परत आलो.

संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो असताना, हाताला काहीतरी चाळा म्हणून मी ते इंजिन पूजेनंतर पहिल्यांदाच उलटं धरलं. चाकांवर लालपिवळा चिकट थर बसला होता. गाडीला करंट रुळातून चाकानंच मिळतो. जन्मभर करंटचं काम करणाऱ्या मला हे कुणी सांगायला नको होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं चाकं पुसली, खोडरबरनं रूळ घासले, बटण दाबलं. गाडी न अडता फिरायला लागली.

दादांनी आवाजाकडं तोंड वळवलं. "चालली व्हय? काय होतं?"

खोटं बोलावंसं लई वाटलं. पण सांगितलं. "माझं हळदीकुंकू, दादा. चाकाला बसलं होतं."

"म्हंजी माझे पहिले जोड बरे होते?"

"व्हय."

गाडी फिरतच होती.

"पंधरा दिवस होते रे माझ्याकडं," दादा म्हणाले. "तेवढे दिवस मला दिसत होतं."