मरळीच्या काळजातली साखर

सर वळणावर दिसायच्या आधीच नाकाला कळायचे. आमच्या नगरच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा वेळ माशांची काळजं उकळत. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीबुकापुरतंच उरलं होतं. गाव त्यांना काळीजसर म्हणे. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. माझ्या शर्टालाही तोच सुगंध!

"काळजातल्या चरबीला साखर चिकटलेली असते," सर शेजारघरचं गुपित सांगावं तसं सांगत. "ती कोणती, एवढंच ओळखायचंय." ग्लुकोज की गॅलॅक्टोज, यावर त्यांची डॉक्टरेट अडली होती. वेगळी केलेली साखर नायट्रिक आम्लात तापवून ठेवायची. पांढरे स्फटिक बसले, तर गॅलॅक्टोज. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, काचसामान मिळायची मारामार. तरी सरांनी वर्षभर प्रयोग केले. दरवेळी स्फटिक बसले. दरवेळी सर टेबलाभोवती नाचले. अखेर प्रबंध मुंबईला धाडायचं पुडकं तयार झालं.

नेमकी तेव्हाच सखूमावशी आली. ही प्रवरेवर मासे धरायची आणि राहुरीहून रेल्वेनं सरांसाठी मरळीची काळजं आणायची.

"मावशी, तुझ्या मालाला वास कसा तो नसतो!" सर खुशीत म्हणाले.

"कसा आसंल? ताकात धुती न्हवं. न्हाईतर डब्यातली मानसं मला खाली उतरवतील!"

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं."

सर मटकन स्टुलावर बसले. ताकात दुधाची साखर, तिच्यात गॅलॅक्टोज. वर्षभर आम्ही मरळीच्या नावानं म्हैस तपासत होतो!

"सर, कुणाला कळणार आहे?" मी पुटपुटलो.

"मला कळलं ना आत्ताच!" म्हणत त्यांनी पुडक्याची सुतळी कापली.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काळजं बिनधुतली येऊ लागली आणि मावशीला डब्यात ऐसपैस जागा मिळू लागली. या खेपेला नळीतलं आम्ल नितळच राहिलं. सरांनी प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ओढून आणलं. "बघा, बघा, काहीही नाही!"

पुढच्या सगळ्या परीक्षाही ग्लुकोजच्याच बाजूनं लागल्या. पदवी घेऊन सर कायमचे मुंबईला गेले. त्यांच्या प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलंच नाव सखूमावशीचं होतं. मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, पदरानं माशांच्या पाटीचा काठ पुसला आणि विचारलं, "मंग आता काळजं कुनाला आनू?"