तीनशे कडक भाकरी

चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन खानदेशातून सोलापूरला आले, ते मालक इथल्या गिरणीत होते म्हणून. माहेर इतकं लांब, की पत्राचं उत्तर येईतो विचारलेलं काय होतं तेच विसरायला व्हायचं. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. मला प्रत्येक गोष्टीची धास्ती. दुकानात काही मागायचं, तर वाटेत चारदा घोकायचं.

शेजारच्या आक्का घरी कानडी बोलायच्या, माझ्याशी मराठी. लग्नाला, यात्रेला लागणाऱ्या कडक भाकऱ्या त्या करून द्यायच्या. महिनाभर टिकायच्या त्या. मी हाताखाली बसून शिकत होते. अशात सात रस्ता भागातल्या एका व्यापाऱ्याकडची मंडळी श्रीशैलच्या यात्रेला निघाली आणि त्यांनी तीनशे भाकऱ्या सांगितल्या. पाच दिवसांची मुदत. त्याच संध्याकाळी न्हाणीत घसरून आक्कांचं मनगट मोडलं. मला वाटलं, त्या आता नाही म्हणून कळवतील. तर ज्वारीचं पोतं त्यांनी माझ्याच घरात ठेवायला लावलं. भाकऱ्या बिघडल्या असत्या तर आक्कांचा शब्द गेला असता, आणि ही परगावची कशाला कामाची, हे माझं मलाच पटलं असतं.

दोन दिवसांत दीडशे झाल्या. पातळ थापलेल्या, मंद जाळावर फडक्यानं दाबून दाबून भाजलेल्या. तव्यावरून उतरली की मी ती दुरडीत ठेवायची, एकावर एक, वरून जुन्या लुगड्याचं धडपं गुंडाळून. आमच्याकडे भाकरी अशीच ठेवतात, मऊ राहावी म्हणून. हाताला तीच सवय. तिसऱ्या दिवशी सकाळी धडपं काढलं तर आतल्या आत वाफ धरून सगळ्या चामड्यासारख्या वातड झालेल्या.

मी भिंतीला टेकून बसले. खाली या घालाव्यात आणि वर नव्या कडक रचाव्यात, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू? पण श्रीशैलच्या वाटेवर कुणीतरी तो गठ्ठा सोडणार होतंच. उठले आणि आक्कांना जाऊन सांगितलं.

त्या आल्या, एक भाकरी उचलून वाकवली. ती फडक्यासारखी वाकली.

"भाकरीला थंडी वाजत हुती काय गं, पांघरूण घातलंस ते?"

मला रडू आलं. त्या गळ्यात बांधलेला हात सांभाळत चुलीपाशी बसल्या.

"रड की, पण जाळ कमी करून रड. बुरशी न्हाय धरली अजून. परत भाज सगळ्या. आन् उतरलीस की भिंतीला उभी कर एकेक, गार हुईस्तोवर."

तसंच केलं. जुन्या दीडशे पुन्हा भाजल्या, नव्या दीडशे केल्या. घरभर भिंतींना टेकून भाकऱ्या उभ्या, मधून आम्ही तिरके चालायचो. मालक गिरणीतून आले की विचारायचे, मी आज कुठं बसू?

पाचव्या दिवशी व्यापाऱ्याची आई स्वतः आली. तळातली एक ओढून काढली आणि कानाजवळ नेऊन मोडली. कट्कन आवाज झाला. तुकडा चघळत ती आक्कांना म्हणाली, "तुज्या हाताची चव बदलली न्हाई बघ."

मी खाली बघत होते. आक्का गप्प बसल्या असत्या तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

"माज्या न्हाईत त्या," आक्का म्हणाल्या. "हिच्या हायत. पयल्यापासनं शेवटपर्यंत."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला.

पुढं वय वाढत गेलं. धास्ती काही गेली नाही, तिला सोबत घेऊन काम करता येतं एवढं कळलं. आणि चूक झाली की ती झाकायच्या आधी जाणत्या माणसाच्या पुढ्यात नेऊन ठेवायची, हे शाळेत शिकायचं राहिलेलं मी चुलीपाशी शिकले. आक्कांचं हे देणं आहे.

त्या दिवाळीनंतर व्यापाऱ्याकडं लग्न निघालं. आक्कांचं मनगट तोवर बरं झालं होतं. तरी हातगाडीवाल्यानं ज्वारीचं पोतं आणलं ते माझ्या दारात, आणि भाकरी करणाऱ्या बाई इथंच राहतात ना, म्हणून विचारलं.

मी हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "मीच. कधीपर्यंत पाहिजेत?"